वीस माणसं, चौदा दिवस

एक एप्रिल, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. नकाशावर कंपनीच्या बसचा निळा ठिपका कापड्याच्या वरच्या वाडीत एका अंगणात उभा आहे. त्या अंगणात रिक्षासुद्धा वळत नाही.

*

पोलादपूरच्या बाजारात एक मोबाइलवाला आहे. नवा फोन घेतलेल्या गिऱ्हाइकाला तो ताटकळत ठेवत नाही. स्वतःचाच ई-मेल पत्ता घालून फोन चालू करून देतो. वर काचेचं कव्हर फुकट.

*

डावा कान: नापास. उजवा कान: पास. खाली डॉक्टरची सही, सहीवर गोल शिक्का.

*

शिमग्याचा ढोल बसने न्यायचा तर पायाखाली ठेवत नाहीत. त्याला खिडकीची सीट देतात.

*

लिंकवर गेलं की अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, एक ओळ दिसते: चाचणीतून बाहेर पडा. दाबायला अंगठा पुरतो.

०

"वेबसाइट कोण बघतं, सहदेव?"

शिर्के साहेबांनी फोन हातात घेतला नव्हता. टेबलापलीकडून नुसती मान लांब केली होती. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कंपनीत माणसं घेणं आणि माणसं काढणं ही दोन्ही कामं त्यांच्याकडे होती, आणि दोन्ही ते एकाच आवाजात करायचे.

"साठ माणसं बघतात साहेब, रोज," सहदेव म्हणाला. "लिंक दाबली की बस कुठं आली ते दिसतं. पावसात फाट्यावर उभं राहावं लागत नाही."

"साठ माणसं बघतात ती लिंक. महिनाअखेर मुंबईची मंडळी रिव्ह्यूला येणार. त्यांना मी लिंक दाखवू? त्यांनी आपल्या फोनातल्या ॲप स्टोअरमध्ये नाव टाकलं आणि वर आलं, तर मी म्हणेन, आमच्या माणसानं केलंय. ट्रान्सपोर्टच्या टेबलावर एक जण लागणारच आहे. तो तूच, असं म्हणायला माझ्याकडे काहीतरी नको का?"

सहदेवने मान हलवली. उजवा कान पुढे करून ऐकायची त्याला सवय झाली होती, त्यामुळे तो कायम काहीतरी विनवतोय असं दिसायचं.

"आणि मार्चअखेर नाही आलं तर?"

"तर पंपहाउसला तुला ठेवता येत नाही. डॉक्टरनं लिहून दिलंय. ठेकेदाराचं पत्र एकतीस मार्चपर्यंतचं आहे." साहेबांनी कागद सरळ केला. "मी वाईट माणूस नाही, सहदेव. कागद वाईट आहे."

एकोणीस वर्षं सहदेव पंपहाउसला होता. सहा पंप, दर तासाला सहा आकडे वहीत चढवायचे, आणि मधला सगळा वेळ गरगरत्या आवाजात बसून राहायचं. तिथे बोलणं नसतंच, हातवारे असतात. डावा कान मोठ्या पंपाच्या बाजूला असायचा. तो कधी गेला ते सहदेवला सांगता आलं नसतं. पाहुणा सांगून जातो, कान न सांगता जातो.

त्या मधल्या वेळेत तो फोनवर वेबसाइट बनवायला शिकला. त्याच्या बहिणीची मुलगी श्रुतिका पनवेलला संगणकाच्या कंपनीत आहे, तिने पहिला धडा दिला, बाकी त्याने धडपडून जमवलं. वेबसाइट कसली, एकच पान होतं: नकाशा आणि निळा ठिपका. ठिपका म्हणजे बस. खरं तर ठिपका म्हणजे सहदेवचा फोन. बस रात्रीची कापड्याला मुक्कामी असायची, पहिला चढणारा तोच. ड्रायव्हरच्या मागची खिडकी पकडून तो फोन काचेला टेकवायचा, म्हणजे घाटाच्या पायथ्याशीसुद्धा रेंज मिळायची. पुढे पोलादपूर, लोहारे, नांगलवाडी. लोक घरात चहा पिता पिता ठिपका बघायचे आणि अगदी वेळेवर रस्त्यावर यायचे. बसबरोबर सहदेवही असतो, हे हळूहळू कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं.

"मामा, तुझं पान आहे तसंच राहतं," श्रुतिका फोनवर म्हणाली. "त्याला वरून ॲपचं कवच घालायचं आणि स्टोअरला द्यायचं. बस."

"कवच घालायला किती दिवस?"

"एक संध्याकाळ."

"मंग झालं की."

"झालं नाही. नव्या माणसाचं ॲप स्टोअर तसंच घेत नाही. आधी वीस माणसांनी वापरून दाखवायचं. त्यांनी लिंकवरून चाचणीत नाव द्यायचं, ॲप घालायचं आणि सलग चौदा दिवस राहायचं. एक जरी मधे बाहेर पडला आणि वीसचे एकोणीस झाले, की मोजणी पुन्हा एकपासून."

"मोजतं कोण?"

"कोणी नाही. मशीन."

"मंग त्या मशीनला कुणी सांगायचं, मानूस बरा हाय म्हनून?"

"मामा, तू आधी वीस जण जमव," श्रुतिका म्हणाली.

२०

लग्नाची अक्षत द्यायला जावं तसा तो घरोघर गेला. एका शाळेच्या वहीत डावीकडे नाव, उजवीकडे ई-मेल. बसमधले सहा जण पहिल्याच दिवशी मिळाले. अकरा वर्षं शेजारी बसणारा दत्ताराम, पोलादपूरचा चंदू, लोहाऱ्याचा ओंकार आणि त्यांच्याच टोळीतले आणखी तिघे. ॲप त्यांच्यासाठीच होतं, त्यामुळे त्यांना मागताना सहदेवला संकोच वाटला नाही.

"घाल काका, काय घालायचं ते घाल," चंदूने फोनच काढून दिला. "फकस्त बायकोला दिसंल असं काय घालू नको."

उरलेले चौदा गावातून. किराणावाला, अंगणवाडीची बाई, मेहुणा, बौद्धवाडीतले सोमाकाका, जे मुंबईतून निवृत्त होऊन आल्यापासून कुठल्याच बसने कुठेच जात नव्हते. आणि चंद्रभागा, त्याची बायको. ती म्हणाली, "आपल्या लग्नाला एवढ्यांच्या पाया पडला नव्हतात तुमी."

"तवा चौदा दिवस टिकायची अट नव्हती."

"नव्हती म्हनून तर टिकलं."

गावात फिरताना त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. किराणावाल्याच्या फोनात जो ई-मेल, तोच मेहुण्याच्या, तोच सोमाकाकांच्या, तोच चंद्रभागेच्या. नऊ फोन, नऊ घरं, पत्ता एकच. सहदेव क्षणभर घुटमळला आणि मग त्याची त्याने समजूत काढली. अख्ख्या कापड्याचा पिनकोड एकच आहे. म्हणून काय पत्रं एकमेकांच्या घरी जातात? तसंच हे असेल. त्याने तोच पत्ता नऊ वेळा, नऊ नावांपुढे, सुवाच्य अक्षरात लिहिला आणि वहीचा फोटो श्रुतिकाला पाठवला. तिने वीसच्या वीस ओळी एकदम चढवल्या. वीस फोनांत ॲप आलं. पाच फेब्रुवारीला चौदा दिवस सुरू झाले.

ते चौदा दिवस चांगले गेले. सहदेव रोज कुणाकडे तरी डोकावायचा. हाय ना? हाय. हलवू नका. नाय हलवत. एकाने हसून विचारलं, "दुधावानी उतू जातं का काय रं?"

१२

"मामा," श्रुतिका म्हणाली, "इथं बारा दिसतायत."

"बारा काय?"

"माणसं. स्टोअर म्हणतंय बारा जणांनी चौदा दिवस पूर्ण केले. वीस पाहिजेत. तू नऊ ठिकाणी एकच मेल लिहिलायस."

"फोन नऊ हायत."

"स्टोअर फोन मोजत नाही. मेल मोजतं. नऊ फोन, पण त्याच्या लेखी माणूस एक."

"अगो, नऊ मानसं हायत. मी नऊ घरी च्या प्यालोय."

"त्याला चहा दिसत नाही मामा. माझंच चुकलं, मी ओळी नीट बघायला हव्या होत्या."

तो पोलादपूरच्या त्या मोबाइलवाल्याकडे गेला. त्या माणसाला राग आला, आणि राग बरोबरच होता. "मग काय, एकेकाला वेगळा पासवर्ड काढून देऊ? परवा विसरतात आणि माझ्याच दारात येतात. कोणाचा काय बिघडला आजवर? तुझाच पयला."

पुढचे दहा दिवस आठ घरांत नवीन ई-मेल काढण्यात गेले. मशीन प्रत्येकाची जन्मतारीख मागत होतं. सोमाकाकांना ठाऊक नव्हती, किराणावाल्याला ठाऊक होती पण खात्री नव्हती. मग शाळेच्या दाखल्यावर असते तीच सगळ्यांना घातली: एक जून. आठही जण एकाच दिवशी जन्मले. हे मात्र मशीनने निमूट चालवून घेतलं.

एक मार्चला पुन्हा वीस झाले.

१९

सहा मार्चला चंदूचा अंगठा चुकून लागला. खरोखरच चुकून. तो ॲप उघडायला लिंकवर गेला आणि तळाची ओळ दाबून बसला.

श्रुतिकाचा निरोप आला तेव्हा सहदेव सुटून बसमध्ये होता. तो पोलादपूरच्या नाक्यावर उतरला आणि चंदूच्या घरापर्यंत जवळजवळ धावतच गेला. चंदूची त्या दिवशी सुटी होती, तो मागच्या दारी अंघोळीला बसला होता.

"चंदू, भायर ये. तू निघालायस."

"कुठनं निघालो? न्हातोय मी."

"चाचणीतनं. परत नाव दे. आत्ताच्या आत्ता दे."

अंगभर साबण, डोळे मिटलेले, कमरेला पंचा, अशा चंदूने बोट पुसून लिंक दाबली. सहदेव समोर फोन धरून उभा होता, सत्यनारायणाला समई धरावी तसा. मग तो परत चालत नाक्यावर गेला आणि मिळेल त्या जीपने कापड्याला. मोजणी सात तारखेपासून एकवर.

दुसऱ्या दिवशी चंदूने बसमध्ये ती हकिगत नक्कल करून सांगितली. सहदेवचा घाम, सहदेवचा हात, "आत्ताच्या आत्ता". लोक पोट धरून हसले. सहदेवही हसला, कारण नक्कल समोरून केली होती आणि त्याला दिसत होती. त्यानंतर बसमध्ये काय ठरलं ते मात्र त्याला कळलं नाही, कारण ते त्याच्या डाव्या बाजूला ठरलं. खिडकी उजवीकडे, माणसं डावीकडे. त्याच्यापासून हातभर अंतरावर, आवाजसुद्धा न चोरता, सहा जणांनी पाळ्या लावून घेतल्या.

तेरा मार्चला ओंकार बाहेर पडला.

"काय झालं रे ओंकार?" सहदेवने फोनवर विचारलं.

"काय म्हाईत काका. फोन गरम झाला नि आपोआप गेलं."

लोहाऱ्याला ओंकारच्या घरी जायला चढ आहे. सहदेव चढून गेला. ओंकारच्या आईने पाणी दिलं. ओंकार गच्चीवरून त्याला येताना बघत होता, आणि कुणाला तरी दाखवायला चित्रण करत होता. सहदेवला वाटलं, हात हलवतोय. त्यानेही हलवला.

मोजणी चौदा तारखेपासून एकवर.

"मामा, आता सत्तावीसला पूर्ण होतील," श्रुतिका म्हणाली. "मग स्टोअर तपासणार. त्याला आठवडा घेता येतो, कधी दोन-तीन दिवसांत होतं. झालं तर महिनाअखेरीस. म्हणजे हीच शेवटची, कळलं ना? आता कोणी हलता कामा नये."

"नाय हलनार. आता सगळ्यांच्या फोनांना सवय झालीय."

२०

बावीस मार्चला बस सुटायच्या वेळी ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत शिमग्याचा ढोल बसला होता. कातडं सैल पडलेलं, महाडला बसवून आणायचं होतं.

"आजच्या दिस तिकडं बस सहदेव," ड्रायव्हर म्हणाला. "देवाचा हाय. त्याला उठवता येत नाय."

सहदेव दाराजवळच्या खिडकीत बसला. डावा कान काचेकडे आणि उजवा कान माणसांकडे. अशी उलटी बाजू त्याने कित्येक वर्षांत धरली नव्हती. फोन काचेला टेकवून तो ठिपका बघत राहिला. पोलादपूरला चंदू चढला, दत्ताराम चढला, टोळी भरली. त्याच्या मागच्या दोन सीटवर नेहमीसारखी बोलणी सुरू झाली.

"आज कोनाची पाळी?"

"दत्तारामची. लई दिस टाळतोय."

"शिमगा होऊ दे की रं."

"शिमग्यानंतर कसली मजा? तारीख जवळ आली की काका बेस धावतो. गाडीला सुदा मागं टाकतो."

"संध्याकाळी करतो," दत्ताराम म्हणाला. "धावू दे त्याला. ढुंगणाला वारा लागंल."

ऐकू येणं आणि कळणं यांच्यामध्ये लोहारे आलं. सहदेवच्या हातातला फोन काचेवरून थोडा सरकला, त्याने तो परत टेकवला. मागे वळून पाहिलं नाही. ओंकार चढला, त्याने सहदेवच्या खांद्यावर थाप मारली. "काय काका, आज लेडीज सीट?" सहदेव म्हणाला, "ढोल हाय."

कंपनीच्या दारात माणसं कार्ड काढत रांगेला लागली. सहदेव दत्तारामच्या मागे उभा राहिला.

"दत्ताराम."

"काय रे?"

"तुझी पाळी आज नको घेऊस."

रांगेतली चार-पाच डोकी हलायची थांबली.

"सत्तावीसनंतर घे," सहदेव सावकाश म्हणाला, मीटरचा आकडा सांगावा तसा. "एकतीसनंतर घेतलीस तर लईच बेस. मंग सगळ्यांनी परत परत घ्या. मी धावंन."

ओंकार आपल्या बुटांकडे बघू लागला. चंदूने घसा खाकरला. दत्तारामचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल.

"कसली पाळी? काय बोलतंस तू?"

"काय नाय," सहदेव म्हणाला आणि कार्ड टेकवून आत गेला.

त्या संध्याकाळी वीस होते. दुसऱ्या दिवशीही वीस. ढोल गेला होता, सहदेवची खिडकी मोकळी होती, पण दत्ताराम शेजारी न बसता मागे जाऊन बसला. सहदेवला वाटलं, लाजला असेल. लाजला असेल तर बरंच आहे, लाजलेला माणूस चार दिवस तरी अंगठा आवरतो.

१४

चोवीस मार्चला होळी. दुपारी चार वाजता श्रुतिकाचा निरोप आला. त्यात शब्द नव्हते, नुसता आकडा होता.

सहाही जण एकदम गेले होते. सकाळी अकरा ते अकरा दहा.

दत्तारामची बहीण कापड्याला दिलेली, तो सणाला तिच्याकडे आलेला. सहदेवला तो होळीच्या माळावर सापडला, सावरीचं झाड उभं करायला दोर धरून. सहदेवने त्याला उजव्या बाजूला घेतलं.

"आता काय केलंत रे?"

"मोकळं झालो," दत्ताराम म्हणाला. दोर त्याने सोडला नाही. "उद्या तुझं ते आलं नाय, तर तू सायबाला सांगनार, या सहा जनांनी केलं. आधीच भायर पडलो. आता कोनाचा आळ नाय नि कोनाची पाळी नाय."

"मी कशाला सांगंन?"

"गेटवर सांगितलंसच की. सगळ्यांसमोर. अकरा वर्षं शेजारी बसलो तुज्या, माझी अब्रू काढलीस. थट्टा होती रे ती. थट्टा कळत नाय तुला."

सहदेव बोटांवर मोजत होता. आज पुन्हा नाव दिलं तर पंचवीसपासून एक. चौदा म्हणजे सात एप्रिल. त्याने बोटं मिटली. मागायला काही उरलं नव्हतं.

"मला एकट्याला भायर घेऊन बोलला असतास तर?" सहदेव म्हणाला. "नसतो का मी धावलो? तुला बघायचं होतं तर तसाच धावलो असतो."

दत्तारामने त्याच्याकडे बघितलं. क्षणभर वाटलं, दोर सुटणार. मग वर झाडाला धरलेली पोरं ओरडली, खेचा, आणि त्याने खेचलं.

"सन हाय," तो म्हणाला. "बोंब मार नि घरी जा."

झाड उभं राहिलं, गवत पेटलं. माळावरच्या सगळ्या पुरुषांनी रिवाजाप्रमाणे हाताची पाठ तोंडावर मारून बोंब ठोकली. होळीला न बोंबलणारा माणूस गावाला चालत नाही. सहदेवनेही हात तोंडाकडे नेला. स्वतःचा आवाज त्याला फक्त एका बाजूने ऐकू आला, जणू दुसराच कुणी पलीकडे उभा राहून ओरडतोय.

१४

"मी स्वतः नाव टाकून बघितलं," तीस मार्चला शिर्के साहेब म्हणाले. "भलतीच तीन आली. एक कुठल्या शाळेच्या बसचं."

"आपलं नाही आलं साहेब. सहा माणसं कमी पडली."

"बाहेरची?"

"बसमधली."

साहेबांनी पेन ठेवलं. "कोण कोण?"

"फोन बिघडले त्यांचे."

"सहांचेही? एकाच दिवशी?"

"सणाचे दिवस साहेब. पाणी गेलं असेल फोनात."

"नावं दे. मी बोलतो त्यांच्याशी."

बोलून काय होणार ते दोघांनाही माहीत होतं. मशीनचा आकडा साहेबांनी बोलून बदलला नसता, आणि तीन वाजता सहदेवला त्याच बसने परत जायचं होतं. पुढेही, बस नसली तरी, त्याच रस्त्याने. त्याने नावं दिली नाहीत. त्यात मोठेपणा नव्हता. बाजार एकच आहे, इतकंच.

साहेबांनी पहिल्यांदाच ती लिंक आपल्या फोनवर उघडली. निळा ठिपका कंपनीच्या आवारात, त्यांच्याच केबिनवर उभा होता.

"चालतंय की हे."

"चालतंय साहेब."

"ॲपमध्ये आत काय वेगळं असणार होतं?"

"काही नाही. हेच."

साहेबांनी फोन पालथा ठेवला आणि छापील कागद पुढे सारला. जमा करायच्या वस्तू: ओळखपत्र, हेल्मेट, सेफ्टी बूट, इअरप्लग एक जोड. प्रत्येकापुढे चौकोन होता आणि चौकोनात बरोबरची खूण करायची होती. सहदेवने सगळं टेबलावर मांडलं. इअरप्लग त्याला मेडिकलच्या निकालानंतर आठ दिवसांनी मिळाले होते. पाकीट फोडलेलं नव्हतं.

"नवीनच आहेत," साहेब म्हणाले. "बरं झालं. दुसऱ्याला देता येतील."

१४

एकतीस मार्चला सहदेव वरच्या वाडीतल्या आपल्या घरातून पुन्हा वही घेऊन निघाला. ज्यांनी शब्द पाळला होता त्यांना मोकळं करायला जायचं, एवढं त्याने मनाशी ठरवलं होतं. मागायला गेलो तसं सांगायलाही जायला पाहिजे. चंद्रभागा म्हणाली, "फोन करून सांगा की." तो म्हणाला, "मागायला फोन केला नव्हता."

सगळ्यांत आधी त्याने तिलाच सांगितलं. तिने लगेच ॲप काढून टाकलं, आणि मग चूल फुंकायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

किराणावाला म्हणाला, "झालं का काम?" सहदेव म्हणाला, "झालं." मेहुण्याने विचारलंसुद्धा नाही. अंगणवाडीच्या बाईने आधीच फोन बदलला होता, पण जुना फोन बंद न करता तांदळाच्या डब्याशेजारी चार्जिंगला लावून ठेवला होता, चौदा दिवस भरावेत म्हणून. तिने तो आणून दाखवला. सहदेवने तिला दोनदा सांगितलं, आता बंद केला तरी चालेल. प्रत्येक घरी तो एक नाव खोडत होता.

सोमाकाका बौद्धवाडीतल्या आपल्या ओट्यावर कोयत्याला धार लावत होते.

"काका, ते काढून टाका आता. बसचं."

"का? खराब झालं?"

"नाय. लागत नाय आता."

"ठेवायला काय पैशे पडतात?"

"नाय."

"जागा खातं?"

"थोडीशी."

"मंग राहू दे की." त्यांनी कोयता अंगठ्यावर पारखला. "तू म्हनालास रोज उघडायला पायजे. मी आपला सकाळी तोंड धुतलं की उघडतो, बस निगाली का बगतो, नि बंद करतो. मला कुटं जायचंय. पन निगाली म्हनजे बरं वाटतं."

"उद्यापासून मी नसंन काका बसला."

"बस तर असंल."

ठिपका म्हणजे बस नव्हे, हे त्यांना समजावून सांगायला सहदेव क्षणभर उजवा कान पुढे करून वाकला, आणि मग तसाच ओट्यावर टेकला. सोमाकाकांनी आत हाक मारून चहा सांगितला. दगडावर कोयता घासल्याचा आवाज येत होता, तो मात्र सहदेवला नीट ऐकू आला.

उठताना त्याने वही उघडली. तेरा नावांवर रेघ होती. चौदाव्यावर त्याने मारली नाही, आणि फोनातला ठिपकाही बंद केला नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात स्टोअरने वीस माणसांची अट बदलली. आता बारा पुरतात.